मधल्या पट्टीतली दुपार

"म्हशी खाली गेल्या का रे?" वृषालीने विचारलं.

निरंजन गॅसपाशी उभा राहून चहा गाळत होता. गाळणं त्याने तसंच हातात धरलं. "कुठल्या म्हशी?"

"अरे, पाणी वाढलं तेव्हा जिन्याने वर आल्या होत्या त्या. चार होत्या. एकीच्या गळ्यात घंटा होती. मी जिन्यावर गोणपाट टाकलं, त्यांचे पाय घसरू नयेत म्हणून."

ती दोघं कऱ्हाडात, कृष्णेपासून बऱ्यापैकी लांब, दुसऱ्या मजल्यावर राहत होते. फाल्गुन चालू होता, नदी पात्राच्या तळाला गेली होती, आणि म्हशींनी जिना चढून यावं असं त्या इमारतीत काही नव्हतं. वृषालीला हे सगळं माहीत होतं. तरी तिला ओल्या खुरांचा आवाज आठवत होता, गोणपाटाचा कुबट वास आठवत होता, आणि त्या म्हशी किती शहाण्यासारख्या, भिंतीला अंग न लावता चढल्या तेही आठवत होतं. कालच्या भाजीइतकं ते सगळं स्पष्ट होतं.

"वृषा, स्वप्न असेल ते," निरंजन म्हणाला.

"असेल. पण मग मला आठवतंय कसं?"

प्रश्न बिनतोड होता, कारण गेल्या चार वर्षांत वृषालीला एकही स्वप्न आठवलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी, साठी ओलांडताना, तिला मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण मेंदूच्या आतला करंगळीएवढा एक वळणदार भाग निकामी झाला. दिवसभरात जे घडतं ते उचलून कायमच्या जागी नेऊन ठेवायचं काम हा भाग करतो. तो गेला की माणसाला बालपण आठवतं, लग्न आठवतं, पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. अशा रुग्णांसाठी तेव्हा नुकताच 'दाणा' निघाला होता. कंपनीने त्याला भारदस्त नाव दिलं होतं, पण कानामागे कातडीखाली बसणाऱ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या त्या वस्तूला लोकांनी दाणा म्हटलं आणि तेच नाव टिकलं. मेंदूतले संकेत टिपायचे, साठवायचे, आणि माणूस आठवू लागला की परत त्याच्या हवाली करायचे, एवढंच त्याचं काम होतं.

पहिल्या पिढीच्या दाण्यांनी मात्र घोळ घातला. जागेपणीचे संकेत आणि स्वप्नातले संकेत यंत्राला सारखेच. निसर्ग झोपेत मेंदूतली रसायनं बदलून ठेवतो, म्हणून उठल्यावर स्वप्न हातातून निसटतं. यंत्राकडे ती सोय नव्हती. लोक स्वप्नात दिलेली वचनं पाळायला निघाले. एक गृहस्थ तर मुलीचं लग्न मोडलं असं समजून स्वतःच्या दारातला मांडव उतरवू लागले. तेव्हा तज्ज्ञांनी एकाच दाण्यात दोन यंत्रणा बसवल्या. एक दिवसपाळी, एक रात्रपाळी. डोळे उघडले की पहिली कामावर यायची, झोप लागली की दुसरी. दिवसाच्या नोंदी दिवसाच्या कप्प्यात, स्वप्नं रात्रीच्या कप्प्यात, आणि एकीला दुसरीचा कप्पा दिसायचा नाही. कोणता कप्पा कुठून कुठवर, हे दाण्याच्या सुरुवातीला एका छोट्याशा तक्त्यात लिहिलेलं असायचं. पाळी बदलताना हा तक्ता काही क्षण उघडून पुन्हा लिहिला जायचा.

दाणा बनवणाऱ्या दूरदेशीच्या मंडळींनी अपघाताचा विचार केला होता, वीज पडण्याचा केला होता, विमानप्रवासाचाही केला होता. वामकुक्षीचा मात्र केला नव्हता. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर वीसेक मिनिटं, ना धड झोप ना धड जाग, हा प्रकार त्यांच्या कल्पनेत बसणारा नव्हता. रोज दुपारी वृषाली आडवी व्हायची, रात्रपाळी बिचारी लगबगीने कामावर यायची, आणि तिने तक्ता उघडला न उघडला तोच निरंजन खांदा हलवून म्हणायचा, "उठ, चहा टाकलाय." निरंजन वीज कंपनीतून निवृत्त झालेला, घड्याळाच्या काट्यावर चालणारा माणूस. तीन म्हणजे तीन. चार वर्षं दाण्याने हा प्रेमळ छळ सोसला. त्या मंगळवारी सोसवला नाही. तक्ता अर्धा लिहून होतो तोच पुसला गेला, आणि दोन्ही कप्प्यांतला माल एका ढिगात येऊन पडला.

*

कंपनीच्या माणसाने फोनवरच निकाल दिला. दाणा पुसून कोरा करायचा आणि नव्याने सुरू करायचा. चार वर्षांतलं काही उरणार नाही, त्याबद्दल कंपनी दिलगीर आहे.

चार वर्षांत नात झाली होती. वृषालीने तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ती शिंकली होती. ते पुसून टाका म्हणणाऱ्या माणसाचा आवाज फारच गोड होता, आणि निरंजनने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी फोन मध्येच ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती दोघं मंडईमागच्या रफिक बागवानांच्या दुकानात जाऊन बसली. रफिकभाईंनी पॉलिटेक्निकच्या संगणक प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली होती. आता दाणे, श्रवणयंत्रं, कृत्रिम हात असलं काहीही दुरुस्त करायचे. वृषालीच्या कानामागे त्यांनी नाण्याएवढी चकती चिकटवली आणि पडद्याकडे बराच वेळ नुसतं पाहत राहिले.

"आमच्या वेळी एकाच कॉम्प्युटरवर दोन यंत्रणा टाकायची पोरांना भारी हौस होती," ते म्हणाले. "चालू केला की तो विचारायचा, आज कुणाला उठवू? आणि एखादा शहाणा तिसरंच काहीतरी टाकायला जायचा नि पार्टिशन टेबल, म्हणजे असाच वाटण्यांचा तक्ता, उडवून बसायचा. मग रडत माझ्याकडं. सर, सगळं गेलं. मी म्हणायचो, गेलं नाही रे बाबा. घरातलं सामान जागच्या जागी आहे. फक्त कुठली खोली कुणाची, ते विसरलंय."

"मग लागतं परत?" निरंजनने विचारलं.

"लागतं. पण पहिला नियम, डिस्कवर नवीन काही लिहायचं नाही. लिहिलं की जुन्यावर बसलं." ते वृषालीकडे वळले. "ताई, तुमच्या दाण्याला मी आता कुलूप घालतो. आतलं सगळं तुम्हाला आठवेल, पण नवीन काही साठणार नाही. येते सात-आठ दिवस तुम्ही तुमच्या मूळ मेंदूवर."

"त्याला तर काही धरून ठेवता येत नाही."

"थोडं येतं. जीव हलवून टाकेल असं एखादं काही तो धरतो. बाकी धुकं. आणि डॉक्टर म्हणतात दहा दिवसांच्या वर असं ठेवायचं नाही, तेव्हा त्याच्या आत मला हद्द शोधली पाहिजे."

वृषालीने मान हलवली. मग तिने मनातलं विचारून टाकलं. "रफिकभाई, म्हशी स्वप्नातल्या, हे मला कळतं. आई परवा येऊन वेणी घालून गेली, तेही कळतं, ती जाऊन अकरा वर्षं झाली. पण एक दुपार आहे. ती मला कळत नाही."

*

ती दुपार पौषातली होती. निरंजन मित्रांबरोबर तीन दिवस कोकणात गेला होता. वृषाली गॅलरीत उन्हाला बसून मेथी निवडत होती. बेल वाजली, दार उघडलं, आणि दारात अश्लेषा.

अश्लेषा तिची धाकटी बहीण. कऱ्हाडहून तासाभराच्या अंतरावर, पाटणजवळ, तिची रोपवाटिका होती. तास म्हणजे काहीच नाही, पण अकरा वर्षांत दोघींपैकी कुणी तो ओलांडला नव्हता. आई गेली तेव्हा अश्लेषा अजून नाशिकला राहत होती. निरोप मिळताच निघाली. वाटेत गाडी अडकली. रात्री नऊपर्यंत पोचते म्हणाली. इकडे गुरुजी म्हणाले सूर्यास्ताआधी उरकू, चुलते म्हणाले किती वेळ ठेवणार, आणि वृषालीने हो म्हटलं. अश्लेषा पोचली तेव्हा आईचं तोंड बघायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही आणि त्यानंतरही बोलली नाही.

आणि त्या पौषातल्या दुपारी ती चपला काढून सरळ गॅलरीत आली, समोर बसली आणि तिने मेथीची दुसरी जुडी ओढून घेतली. दोघी निवडत राहिल्या. नखं हिरवी झाली. मग अश्लेषा म्हणाली, "ताई, सोड आता. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं." वृषाली रडली. अश्लेषाने पदराने, नाही, ओढणीने तिचे डोळे पुसले. ओढणी निळी होती.

बस, एवढंच. यात कुणी उडत नव्हतं, मेलेलं कुणी परत येत नव्हतं, म्हशी नव्हत्या. एवढी साधी गोष्ट खोटी कशी असेल?

निरंजनने आठवून पाहिलं. कोकणातून परतला तेव्हा फ्रिजमध्ये निवडलेली मेथी होती हे त्याला आठवत होतं. दोन जुड्यांची असावी. एकट्या बाईने दोन जुड्या आणल्या असतील का, असतील. शेजारचे तेव्हा गावाला गेले होते. दारावरचा कॅमेरा प्रत्येक मांजराला नमस्कार करायचा म्हणून त्यानेच कधीचा काढून टाकला होता.

"सरळ फोन करून विचार," तो म्हणाला.

"काय विचारू? ती येऊन गेली असेल, तर दोन महिने मी साधा फोनही केला नाही, आणि आता विचारते तू आली होतीस का म्हणून. आणि आली नसेल, तर अकरा वर्षांनी फोन करून मी म्हणू, तू मला माफ केल्याचं स्वप्न पडलं होतं?"

कुलूप घातल्यापासून निरंजन तिच्या उशाशी रोज एक कागद ठेवायचा. आज कोणता वार, काल काय झालं, औषध कोणतं. ती सकाळी तो वाचायची आणि परक्या गावची बातमी वाचावी तसा तिचा चेहरा व्हायचा. ते दिवस मऊ होते, कडा नसलेले. ती खिडकीशी उभी राहायची आणि तिला कळायचं नाही की आत्ताच उभी राहिली की तासभर झाला. नवीन काही टिकत नव्हतं. जुनं मात्र, खरं नि खोटं, एकमेकांच्या गळ्यात हात घालून घरभर फिरत होतं. नात शिंकत होती. म्हशी जिना चढत होत्या. आणि रोज, अगदी ताजी, कोवळ्या उन्हातली ती दुपार यायची, अश्लेषा समोर बसायची आणि म्हणायची, सोड आता. वृषाली गालातल्या गालात हसायची. तिला इतकं सुख कैक वर्षांत झालं नव्हतं.

*

पाचव्या दिवशी रफिकभाईंनी बोलावलं. पडद्यावर हिरवे-निळे पट्टे होते.

"हद्द जवळजवळ सापडली," ते म्हणाले. "तक्त्याची एक जादा प्रत दाण्याच्या शेवटी असते. ती शाबूत आहे, पण जुनी आहे. बॅटरी वाचवायला ती महिन्यातून एकदाच लिहितात. आणि दोन कप्प्यांची हद्द काही कायम नसते. दिवसाला जागा कमी पडली की तो रात्रीकडून थोडी घेतो. गेल्या महिन्याभरात त्याने तीनदा घेतली. प्रत्येक वेळी नव्या जागी खुणेचा दगड रोवला, पण जुने उपटले नाहीत. त्यामुळं दगड दिसतात चार, आणि खरा कोणता ते नुसतं बघून सांगता येत नाही. पहिल्या नि शेवटच्या दगडामधली ही जी पट्टी आहे ना, तिच्यात रात्रीचं जुनं आणि दिवसाचं हलवून आणलेलं, असं दोन्ही आहे."

"आणि माझी दुपार?"

"त्याच पट्टीत."

रफिकभाईंनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"मला आतलं चित्र दिसत नाही, ताई. नुसते आकडे दिसतात. पण जागा माणूस पापण्या मिटतो, उघडतो, आणि त्याची खूण नोंदीत राहते. स्वप्नातल्या माणसाला पापण्या नसतात. तुमच्या दुपारच्या पापण्या मी आज सकाळी मोजल्यात. सांगू?"

"थांबा. ते स्वप्न असेल तर दुरुस्तीनंतर काय होईल?"

"रात्रीच्या कप्प्यात जाईल. जागेपणी तुम्हाला दिसणार नाही."

"म्हणजे विसरेन."

"हो. आणि काय विसरलात तेही आठवणार नाही. हे चार-आठ दिवसही नाही, कुलूप आहे ना. आणि तक्ता पुसल्यापासून कुलपापर्यंतचा दिवस कुठल्याच कप्प्यात बसणार नाही."

दुकानात पंखा फिरत होता. बाहेर कुणी तरी टोमॅटोच्या पाट्या उतरवत होतं. वृषालीला एकाएकी फार थकल्यासारखं वाटलं. तिने हळूच विचारलं, "तो दगड थोडा पुढे नाही का रोवता येणार? ती पट्टी सगळी दिवसाकडं घेऊन?"

निरंजनने तिच्याकडे पाहिलं. रफिकभाईंनी चष्मा काढला.

"येतो. बांध काय, रात्रीतून सरकवणारे मी लहानपणी आमच्या गावात पाहिलेत. पण नुसती तुमची दुपार उचलता येणार नाही, घेतली तर अख्खी पट्टी घ्यावी लागेल. त्यात आणखी काय काय असेल सांगता येत नाही. पाच-सहा खोट्या गोष्टी जन्मभर खऱ्या म्हणून सांभाळाल. तुमचा दाणा, तुमची मर्जी. मी दुकानदार आहे, काझी नाही."

"तुम्ही जे मोजलंत ते नका सांगू," वृषाली म्हणाली. "यंत्राकडून नको. तिच्याकडूनच ऐकते."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी निरंजन तिला एसटीने पाटणला घेऊन गेला. वाटेत तीनदा तिने विचारलं की आपण कुठे चाललोय, आणि तीनदा त्याने सांगितलं. रोपवाटिकेच्या फाटकाशी तो थांबला. "मी इथेच बसतो. तू जा."

अश्लेषा झाडाच्या सावलीत बसून काळ्या पिशव्यांत माती भरत होती. केस पांढरे झाले होते आणि ते तिने रंगवले नव्हते. वृषाली तिच्यासमोर जाऊन उभी राहिली तरी तिचे हात थांबले नाहीत.

"पाणी आत माठात आहे," अश्लेषा म्हणाली.

वृषालीच्या मनात ती दुपार अजून उबदार होती. तिला वाटलं आता ही हसेल. "अशू, पौषात तू माझ्याकडं आली होतीस का?"

आता हात थांबले. "मी? तुझ्या दारात?" अश्लेषाने वर पाहिलं. "नाही, ताई."

वृषाली तिथेच पालथ्या घमेल्यावर बसली. मग तिने सगळं सांगितलं, दाणा, तक्ता, मेथी, निळी ओढणी. अश्लेषाने मध्ये एकदाही टोकलं नाही.

"आणि मी काय म्हणाले म्हणालीस?"

"तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं."

"मी असं म्हणणार नाही," अश्लेषा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुझ्या जागी मी असते तर थांबले असते. चार तासांचा तर प्रश्न होता. तुम्ही सगळी जेवायला बसला होता तेव्हा मी स्मशानात गेले, एकटी. राख अजून गरम होती. हात लावून बघितला मी."

"गुरुजी म्हणाले—"

"गुरुजींची आई नव्हती ती."

वृषालीने मातीत बोटं खुपसली. स्वप्नात सगळं अश्लेषाच बोलली होती. ती स्वतः काही बोललीच नव्हती, ती नुसती रडली होती आणि मोकळी झाली होती. आपलं स्वप्नसुद्धा किती सोयीचं, तिला वाटलं आणि लाज वाटली.

"गुरुजींचं निमित्त होतं," ती म्हणाली. "काकांचंही. मी थांबा म्हटलं असतं तर सगळे थांबले असते. मी मोठी होते. पण तीन रात्री मी झोपले नव्हते, अशू. मला ते संपायला हवं होतं. तुझा विचारसुद्धा मनात आला नाही. हे मी कुणालाच सांगितलं नाही, निरंजनलाही नाही. चुकलं माझं."

अश्लेषा तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, पण खालचा ओठ तिने दातांत धरला, लहानपणी पडल्यावर धरायची तसा.

"हे बोलायला अकरा वर्षं घातलीस," ती म्हणाली.

"हो."

"माझा राग गेलेला नाही."

"नसू दे."

मग अश्लेषाने रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा तिच्याकडे ढकलला आणि वृषाली माती भरू लागली. दुपारी जेवायला भाकरी नि वांग्याची भाजी होती. फाटकाशी ताटकळलेल्या निरंजनलाही आत बोलावणं गेलं. निघताना अश्लेषा म्हणाली, "पुढच्या गुरुवारी हजार पिशव्या भरायच्यात. येणार असलीस तर सकाळच्या पहिल्या गाडीने ये. उशिरा येणाऱ्याचा मला काही उपयोग नाही."

एसटीत वृषाली खिडकीला डोकं टेकून बसली होती. निरंजनला वाटलं झोपली. पण ती म्हणाली, "उद्याच रफिकभाईंकडं जाऊ. हे मला आठवतंय तोवर."

*

सकाळपर्यंत धुकं परत दाटलंच होतं. ती पाटणला कशी गेली, एसटीत कुठे बसली, काही नव्हतं. अश्लेषाचा दातांत धरलेला ओठ मात्र होता, आणि स्वतःचे मातीतले हात होते. आणि दुसरीकडे ती पौषातली दुपार होती, पूर्वीइतकीच उबदार. वृषाली दोन्हींकडे आळीपाळीने पाहत रफिकभाईंच्या दुकानात बसली. स्वप्न कोणतं हे आता तिला विचारायची गरज नव्हती, आणि तरीही सोडवत नव्हतं.

"कुठं लावू दगड?" रफिकभाईंनी विचारलं. "शेवटचं विचारतो. लिहिलं की लिहिलं."

"जिथं आहे तिथंच."

"बघा हां."

"बघितलं," वृषाली म्हणाली. "समेट झालाय असं आठवत राहिलं तर मी तिच्याकडं परत कशाला जाईन, रफिकभाई? घरी बसून सुखात राहीन. ती अजून रागावली आहे, हे मला आठवायला हवं." मग ती निरंजनकडे वळली. "मी नंतर विचारलं तरी सांगू नकोस. मेथीचं काही."

निरंजनने तिचा हात हातात घेतला.

तिने डोळे मिटले. अश्लेषा समोर येऊन बसली, जुडी ओढून घेतली. वृषालीने तिला नीट पाहून घेतलं, निळी ओढणी, हिरवी नखं, उन्हात तांबूस दिसणारे कान. रफिकभाईंनी कळ दाबली.

*

गुरुवारी पहाटेच उठून वृषाली डबा भरत होती. दाणा बिनबोभाट चालला होता. नात शिंकली ते आठवत होतं, कालची भाजी आठवत होती, म्हशींचं नावसुद्धा तिच्या मनात नव्हतं. दुपारी आता निरंजन तिला पूर्ण पाऊण तास झोपू द्यायचा आणि तोवर येरझाऱ्या घालायचा.

"एक विचारू?" ती डब्याचं झाकण लावत म्हणाली. "मधले आठ दिवस माझे कोरेच आहेत. अशूच्या वाडीत बसून मी तिला चुकलं म्हणाले, तेवढं आहे. ती रागावलेलीच होती, तेही आहे. पण मी गेले कशी रे? अकरा वर्षं नाही गेले, आणि मधेच त्या दिवशी कसं काय मनात आलं?"

निरंजन तिची पिशवी भरत होता. पाण्याची बाटली आत ठेवून त्याने ती बाहेर काढली आणि पुन्हा आत ठेवली.

"आलं तुझ्या मनात," तो म्हणाला. "उठलीस आणि म्हणालीस, जायचं."

"मी?"

"तूच."

वृषालीला स्वतःचं जरा कौतुक वाटलं. तिने पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या आणि दारात क्षणभर थांबली.

"बरं झालं गेले ते," ती म्हणाली. "ती काही आपणहून कधी आली नसती."